सहेरीपूर्वीचा सामना

17 मार्च 2025, सोमवार. रात्रीचे दीड वाजलेले. होळी होऊन तीनच दिवस झाले होते, त्यामुळे चांदणे अजून पुरेसे होते. लोहगड आणि विसापूर या दोन गडांच्या मधल्या खिंडीत वसलेल्या लोहगडवाडीसारख्या गावात एरवी या वेळेला कुत्र्यांच्या भुंकण्याशिवाय आवाज नसतो. पण ती रात्र तिथीनुसार येणाऱ्या शिवजयंतीच्या आदली. अशा रात्री गडागडांच्या पायथ्याशी शिवज्योत न्यायला आलेल्या मंडळांची वर्दळ असते. कुणी मशालीला तेल घालत असतो, कुणी बुटांच्या नाड्या आवळत असतो. मळवली स्टेशनाकडे उतरणारा रस्ता त्या रात्री जागाच असतो.

त्याच घटकेला माद्रिदमध्ये रविवारचे रात्रीचे नऊ वाजले होते. अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या मैदानावर बार्सिलोनाचा संघ उतरत होता. स्पेनची घड्याळे हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात. म्हणून तिथला रात्री नऊचा सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीडला सुरू होतो आणि संपेपर्यंत साडेतीन होत येतात. पुणे जिल्ह्यात मार्चच्या मध्यावर सहेरीची, म्हणजे रोजा सुरू होण्यापूर्वीच्या जेवणाची, वेळ साडेपाचच्या सुमारास संपते. ज्याला सामना पाहायचा आहे आणि रोजाही धरायचा आहे, त्याला झोप विसरूनच जावी लागते. रमजानच्या रात्री जागणाऱ्या कितीतरी तरुणांना हे गणित तोंडपाठ झाले आहे.

त्या रात्री बार्सिलोनाच्या उजव्या बगलेवर जो मुलगा खेळत होता, त्याचाही त्या दिवशी रोजा होता. माद्रिदला सूर्य मावळला सव्वासातनंतर. रोजा सोडून पावणेदोन तास होत नाहीत तोच तो मैदानात होता. वय सतरा. नाव लामिन यमाल.

अडतीस सामन्यांची चढण

युरोपातल्या फुटबॉलचा हंगाम आपल्या शाळेच्या वर्षासारखा चालतो. ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. स्पेनच्या अव्वल साखळीला ‘ला लिगा’ म्हणतात. त्यात वीस संघ असतात. प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा पाहुणा म्हणून. असे अडतीस सामने. जिंकल्यास तीन गुण, बरोबरीस एक. यात उपांत्य फेरी नाही, अंतिम सामना नाही. अडतिसाव्या सामन्यानंतर ज्याचे गुण सर्वाधिक तो विजेता, आणि तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात. एखाद्या दिवसाच्या चमकदार खेळाने हे विजेतेपद मिळत नाही. दहा महिने सातत्य लागते. एका मोठ्या लढतीपेक्षा रमजानच्या तीस दिवसांशी याचे नाते अधिक जवळचे आहे, असे कुणाला वाटले तर ते चूक नव्हे.

ही साखळी आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचली ती मोबाइलमुळे. 2018 ते 2021 हे तीन हंगाम भारतीय उपखंडात ला लिगाचे सामने फेसबुकवर विनामूल्य दाखवले जात. स्वस्त इंटरनेटचे ते दिवस होते. ज्या घरात क्रीडावाहिनीचे पैसे भरले जात नव्हते, त्या घरातल्या मुलालाही मेस्सीचा सामना हातातल्या फोनवर दिसू लागला. डिसेंबर 2019 मध्ये तर ला लिगाने भारतासाठी आपला सदिच्छादूत म्हणून रोहित शर्माची निवड केली. फुटबॉलपटू नसलेल्या व्यक्तीला असा मान देण्याची त्या संस्थेची ती पहिलीच वेळ. नागपुरात जन्मलेला आणि मुंबईत वाढलेला क्रिकेटपटू स्पॅनिश फुटबॉलचा चेहरा झाला, तेव्हा स्पेनवाल्यांनी आपला नवा प्रेक्षक कुठे बसला आहे हे ओळखले होते.

उर्दू वाचणाऱ्या मागच्या पिढ्यांच्या मनातला स्पेन वेगळा होता. तो कुर्तुबा, गरनाता आणि इश्बिलियाचा स्पेन. कवी इक्बाल 1933 मध्ये कुर्तुब्याच्या मशिदीत जाऊन आले आणि त्या भेटीतून उर्दूतली एक थोर कविता जन्मली. आजच्या मुलांना इश्बिलिया हे नाव सांगितले तर ती गोंधळतील. सेव्हिया म्हटले की लगेच त्या संघाच्या जर्सीचा रंग सांगतील. माद्रिद हे नावही ‘मजरीत’ या अरबी रूपातून आले आहे आणि नवव्या शतकात तिथे किल्ला बांधला तो कुर्तुब्याचा अमीर पहिला मुहम्मद याने. गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांना हे ऐकून गंमत वाटेल, की रेआल माद्रिदचे गावही मुळात एका किल्ल्याभोवतीच वाढले.

चार शून्य, आणि मग उतरण

2024-25 चा हंगाम 15 ऑगस्ट 2024 रोजी सुरू झाला. बार्सिलोनाने जर्मन प्रशिक्षक हान्सी फ्लिक यांच्या हाताखाली पहिले सातही सामने जिंकले. क्लबचे मूळ मैदान दुरुस्तीला काढलेले असल्याने हा संघ मोंजुईक टेकडीवरच्या ऑलिंपिक मैदानावर खेळत होता. गतविजेत्या रेआल माद्रिदकडे नुकताच किलियन एम्बापे आला होता. 26 ऑक्टोबरला हे दोन संघ माद्रिदमध्ये भिडले. निकाल लागला बार्सिलोना 4, रेआल माद्रिद 0. तिसरा गोल यमालचा होता. या दोन संघांच्या लढतींच्या साऱ्या इतिहासात गोल करणारा तो सर्वांत लहान खेळाडू ठरला.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली. गोल साजरा करणाऱ्या बार्सिलोनाच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रेक्षकांतल्या काहींनी वर्णद्वेषी शिव्या दिल्या. यमाल त्यांत होता. रेआल माद्रिदने स्वतः चौकशी सुरू केली आणि पुढे पोलिसांनी संशयितांना अटकही केली. स्पेनमध्ये हा रोग जुना आहे, पण कायदा आता जागा होऊ लागला आहे. त्याच वर्षी जूनमध्ये व्हिनिशियस ज्युनियर या ब्राझिलियन खेळाडूचा वर्णावरून अपमान करणाऱ्या तिघांना न्यायालयाने आठ महिन्यांची शिक्षा सुनावली होती. फुटबॉलच्या मैदानावरील वर्णद्वेषासाठी स्पेनमध्ये दोषी ठरवले जाण्याची ती पहिली वेळ होती.

ऑक्टोबरच्या या विजयानंतर बार्सिलोनाला आता कोण अडवणार, असे वाटत होते. पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संघ घसरला. 29 नोव्हेंबरला क्लबला 125 वर्षे पूर्ण झाली आणि दुसऱ्याच दिवशी लास पाल्मासने त्यांना घरच्या मैदानावर 2-1 असे हरवले. 15 डिसेंबरला लेगानेसने 1-0 ने हरवले. 21 डिसेंबरला अ‍ॅटलेटिकोने अगदी अखेरच्या क्षणी गोल करून 2-1 असा सामना हिरावून घेतला आणि गुणतालिकेत पहिले स्थान घेतले. वर्ष संपताना बार्सिलोना तिसऱ्या स्थानावर होता.

यातला लेगानेस हा माद्रिदच्या शेजारचा छोटा क्लब भारतीयांना अगदीच परका नाही. जम्मूचा इशान पंडिता 2016 मध्ये याच क्लबशी करारबद्ध झाला होता. ला लिगातल्या क्लबशी व्यावसायिक करार करणारा तो पहिला भारतीय. मुख्य संघातून खेळण्याची संधी त्याला तिथे मिळाली नाही, पण दार किलकिले झाले होते.

304

लामिन यमालचा जन्म 13 जुलै 2007 चा. वडील मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची. तो वाढला बार्सिलोनाजवळच्या मातारो शहरातल्या रोकाफोंदा या कामगार वस्तीत. वडिलांच्या बाजूची आजी मोरोक्कोहून आधी स्पेनला आली, काम धरले आणि मग घरच्यांना बोलावून घेतले. कोकणातून किंवा घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या माणसांची जी कहाणी, तीच ही. फक्त मध्ये समुद्र आहे.

गोल केल्यावर हा मुलगा बोटांनी तीन, शून्य आणि चार अशी खूण करतो. रोकाफोंदाचा पिन कोड 08304 आहे, त्यातले हे शेवटचे तीन आकडे. स्पेनमधल्या एका कडव्या उजव्या पक्षाने परक्यांची वस्ती म्हणून या भागाचा हीन शब्दांत उल्लेख केला होता. मुलाने त्यावर भाषण केले नाही. आपण कुठले आहोत, एवढे बोटांनी सांगत राहिला.

29 एप्रिल 2023 रोजी, वयाची सोळा वर्षेही पूर्ण झाली नसताना, तो बार्सिलोनाकडून ला लिगात पहिला सामना खेळला. 2024 च्या युरो स्पर्धेत फ्रान्सविरुद्ध त्याने केलेला गोल जगाने पाहिला. स्पेनने ती स्पर्धा जिंकली तेव्हा त्याचा सतरावा वाढदिवस होऊन एकच दिवस झाला होता.

हंगामात आलेला रमजान

इस्लामी वर्ष चांद्र असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. साधारण तेहतीस वर्षांत तो सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. 2014 ते 2016 या काळात तो जून-जुलैत, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलच्या सुट्टीत येत असे. तेव्हा क्लबांना त्याची फारशी दखल घ्यावी लागत नव्हती. आता तो हंगामाच्या ऐन मध्यात येतो आणि पुढची पंधरा वर्षे तरी तिथेच राहील. स्पेनमधल्या क्लबांना हा प्रश्न टाळता येणार नाही.

2025 मध्ये स्पेनमध्ये रमजान 1 मार्चला लागला. हंगामातले जवळपास दोन तृतीयांश सामने झाले होते. जानेवारीपासून बार्सिलोना सावरला होता आणि तिन्ही बलाढ्य संघांत गुणांचे अंतर अगदी कमी होते. अशा वेळी संघाचा सर्वांत तरुण आणि सर्वांत जास्त धावणाऱ्या बगलेवरचा खेळाडू दिवसभर पाणी पिणार नव्हता. उपवासाचे तास साधारण तेरा.

त्याने त्याचा गाजावाजा केला नाही. विचारले तेव्हा दिनक्रम सांगितला. पहाटे पाचला उठायचे, नमाज पढायची, त्या वेळी क्षारयुक्त पाणी भरपूर प्यायचे, म्हणजे शरीर दिवसभर कोरडे पडत नाही. रोजा सोडताना आधी पाणी घ्यायचे, गोड पदार्थांवर तुटून पडायचे नाही. आपल्याकडच्या घरांतली मोठी माणसे पोरांना हेच सांगत आली आहेत. क्लबच्या आहारतज्ज्ञांनी तेच मोजून-मापून सांगितले, इतकाच फरक.

त्या महिन्याची सुरुवात संघासाठी जड गेली. 8 मार्चला ओसासुनाविरुद्धचा सामना सुरू व्हायला काही मिनिटे असताना बातमी आली, की मुख्य संघाचे डॉक्टर कार्लेस मिन्यारो यांचे निधन झाले आहे. प्रेक्षक आसनांवर बसले होते. सामना पुढे ढकलण्यात आला. खेळाडू मान खाली घालून परतले.

तीन दिवसांनी, 11 मार्चला, युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये बेनफिकाशी लढत होती. सामना सुरू झाला सायंकाळी पावणेसातला. बार्सिलोनात सूर्य मावळला त्यानंतर काही मिनिटांनी. म्हणजे यमालने त्या दिवशी सामन्याला सुरुवात केली ती रोजाच्या अवस्थेत. पहिला गोल त्याने राफिन्हाला करून दिला, दुसरा स्वतः केला, तोही दुरून, चेंडूला वळण देत. बार्सिलोना 3-1 ने जिंकला.

आणि मग 16 मार्चची ती माद्रिदची रात्र. डिसेंबरमध्ये ज्यांनी हरवले, त्याच अ‍ॅटलेटिकोचे हे मैदान. सत्तराव्या मिनिटाला बार्सिलोना 0-2 ने मागे होता. भारतात तेव्हा तीन वाजत आले होते. अशा वेळी झोप अनावर होते आणि फोन बंद करावासा वाटतो. ज्यांनी तो बंद केला त्यांचे नुकसान झाले. बहात्तराव्या मिनिटाला लेवांडोवस्कीने एक गोल फेडला. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला फेरान टोरेसने डोक्याने बरोबरी साधली. नव्वद मिनिटे पुरी झाल्यावरच्या भरपाई वेळेत यमालने मारलेला चेंडू एका बचावपटूला लागून जाळ्यात गेला. त्यानंतर टोरेसने आणखी एक गोल केला. निकाल 4-2. घड्याळाप्रमाणे साडेतीन तासांपूर्वी सूर्यास्त झालेला असला, तरी त्या पायांनी आदल्या बारा-तेरा तासांत पाण्याचा थेंब पाहिला नव्हता, हे आठवले की त्या गोलकडे पाहण्याची नजर बदलते.

चुकलेली पेनल्टी

गोल झाला की सगळेच कौतुक करतात. रोजा आणि खेळ यांच्या नात्याची खरी परीक्षा चुकीच्या वेळी होते.

23 मार्चला स्पेनच्या राष्ट्रीय संघाचा व्हॅलेन्सियात नेदरलँड्सशी सामना होता. यमाल राष्ट्रीय संघाच्या शिबिरातही रोजे धरत होता. असे करणारा स्पेनच्या संघातला तो पहिला खेळाडू, असे तिथल्या वृत्तपत्रांनी लिहिले. संघाने त्याच्या जेवणाच्या वेळा सांभाळल्या. सामना जादा वेळेत गेला. एकशे तिसऱ्या मिनिटाला यमालने अप्रतिम गोल केला. पण 3-3 अशा बरोबरीनंतर पेनल्टीची वेळ आली तेव्हा त्याचा फटका गोलरक्षकाने अडवला. पुढे पेद्रीने अखेरची पेनल्टी मारून स्पेनला जिंकून दिले, म्हणून ती चूक निभावली.

समजा स्पेन हरला असता तर? ‘उपाशी पोराला कशाला खेळवले?’ असे म्हणणारे तयारच होते. दुसरीकडे, त्याच्या प्रत्येक गोलचे श्रेय रोजाला देऊन त्याला धर्माचा झेंडा बनवणारेही कमी नव्हते. दोन्ही बाजू एकच गोष्ट विसरत होत्या. सतरा वर्षांचा मुलगा पेनल्टी चुकवू शकतो. भरपेट जेवलेल्या भल्याभल्यांनी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी चुकवल्या आहेत. रोजा हा माणूस आणि त्याचा ईश्वर यांच्यातला व्यवहार आहे. त्याचा हिशेब गुणतालिकेत मांडायचा नसतो.

धर्मानेही इथे दार बंद केलेले नाही. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा सोडण्याची आणि पुढे सवडीने तो भरून काढण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. व्यावसायिक खेळाडूबाबत विद्वानांत मतभेद आहेत. जर्मनीत एका क्लबने न सांगता रोजे धरल्याबद्दल तीन खेळाडूंना ताकीद दिल्यावर हा प्रश्न पेटला होता. 2010 मध्ये तिथल्या मुस्लिम संघटनेने काहिरातल्या अल-अझहरचे मत मागवले आणि फुटबॉल संघटनांशी बोलून मार्ग काढला. ज्याचे पोट खेळावर आहे आणि रोजामुळे खेळ खरोखर बिघडतो, त्याने हंगामात रोजे सोडून नंतर भरून काढले तरी चालेल, असे ठरले. इंग्लंडमध्ये सूर्यास्ताला चेंडू बाहेर गेला की काही क्षण खेळ थांबवून खेळाडूला पाणी आणि खजूर घेऊ देण्याची रीत पडली आहे. फ्रान्सच्या महासंघाने मात्र 2023 मध्ये पंचांना असा खेळ थांबवण्यास मनाई केली. एकच खेळ, एकच चेंडू, पण प्रत्येक देशाचे उत्तर वेगळे.

हा प्रश्न फक्त युरोपातला नाही. लोणावळा, तळेगाव, वडगाव, कुठल्याही महाविद्यालयाच्या संघात असा एखादा मुलगा असतोच. सामना दुपारी तीनला, ऊन मार्चचे आणि रमजान चालू. आदल्या रात्री तो स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळतो.

“अम्मी, उद्या मॅच आहे. रोजा ठेवू का?”

“तुझी नियत काय आहे?”

“ठेवायचा आहे. पण दुसऱ्या हाफमध्ये पाय गळाले तर सगळे मला बोलतील.”

“मग सहेरीला नीट जेव, पाणी पी. ठेव. पण डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच सोड. अल्लाह माफ करणारा आहे. आणि सरांना आधी सांग, लपवू नकोस.”

त्या आईने कुठला फतवा वाचलेला नसतो, पण अल-अझहरचे विद्वान जिथे पोहोचले, तिथेच ती पोहोचते. आणि चांगला क्रीडाशिक्षक असेल तर तो म्हणतो, “ठीक आहे, तुला पहिल्या हाफमध्ये खेळवतो.” प्रश्न सुटतो तो असा. सांगणारा आणि ऐकणारा असे दोघेही असावे लागतात.

त्याच्या आधीचे

यमाल हा या वाटेवरचा पहिला नव्हे. फ्रान्समध्ये जन्मलेला आणि मालीकडून खेळलेला फ्रेडरिक कानुटे हा सेव्हिया संघाचा आघाडीपटू. 2006-07 च्या हंगामात सेव्हिया अखेरच्या दिवसापर्यंत विजेतेपदाच्या शर्यतीत होता आणि कानुटेने साखळीत 21 गोल केले. रमजान हंगामात आला तरी तो रोजे धरत असे. डिसेंबर 2007 मध्ये सेव्हिया शहरातली एक छोटी मशीद बंद होण्याची वेळ आली. जागेचा करार संपला होता आणि ती विकायला निघाली होती. कानुटेने पाच लाख युरोंहून अधिक रक्कम स्वतःच्या खिशातून देऊन ती जागा विकत घेतली. एकेकाळी अनेक मशिदी असलेल्या इश्बिलियात नमाजसाठी चार भिंती टिकल्या त्या एका फुटबॉलपटूमुळे. त्याने त्याची जाहिरात केली नाही, बातमी इतरांकडून फुटली.

मग करीम बेंझेमा. अल्जीरियन वंशाचा, फ्रान्समधल्या ल्याँचा. 2021-22 च्या हंगामात त्याने ला लिगात 27 गोल केले. त्या वर्षी रमजान एप्रिलमध्ये होता. 6 एप्रिलला त्याने लंडनमध्ये चेल्सीविरुद्ध तीन गोल केले. 30 एप्रिलला, रमजान संपायला एखाद-दुसरा दिवस उरला असताना, रेआल माद्रिदने एस्पान्योलला 4-0 ने हरवून ला लिगाचे विजेतेपद निश्चित केले. राखीव खेळाडू म्हणून उतरलेल्या बेंझेमाने चौथा गोल केला. त्याच वर्षी त्याला बॅलन डी'ऑर मिळाला.

स्पेनचा हा धागा आपल्या शेजारच्या गोव्यापर्यंत येतो. 2006 च्या मे महिन्यात एस्पान्योल संघ खालच्या श्रेणीत जाणार, असे दिसत असताना अखेरच्या सामन्यात भरपाई वेळेत गोल करून फेरान कोरोमिनास या तरुणाने संघाला वाचवले होते. हाच ‘कोरो’ पुढे एफसी गोवाकडे आला आणि 2017-18 व 2018-19 अशी सलग दोन वर्षे इंडियन सुपर लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. एफसी गोवाने 2019-20 मध्ये साखळीत पहिले स्थान मिळवले, त्या बळावर आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब झाला. त्यातला पहिला सामना फातोर्ड्याला झाला तो 14 एप्रिल 2021 रोजी, भारतातल्या रमजानच्या पहिल्या दिवशी. समोर कतारचा अल रय्यान संघ, गोव्याचे प्रशिक्षक स्पेनचे हुआन फेरान्डो. करोनामुळे मैदान रिकामे होते. गोव्याने 0-0 अशी बरोबरी राखली. कतारच्या बलाढ्य संघाविरुद्ध ती विजयाइतकीच मानली गेली.

शेवटचा चढ

रमजान सरला, ईद झाली, हंगाम पुढे चालू राहिला. 11 मे रोजी मोंजुईकवर रेआल माद्रिदशी पुन्हा गाठ पडली. पंधरा मिनिटे व्हायच्या आत एम्बापेने दोन गोल केले. मध्यंतरापर्यंत बार्सिलोनाने चार परतवले, त्यांतला एक यमालचा. निकाल 4-3. भारतात तो सामना रात्री पावणेआठला होता, त्यामुळे जागरणाशिवाय पाहता आला. 15 मे रोजी एस्पान्योलच्या मैदानावर यमालने डावीकडे आत येत दूरच्या कोपऱ्यात चेंडू मारला, फर्मिन लोपेसने दुसरा गोल केला आणि विजेतेपद ठरले. बार्सिलोनाचे हे अठ्ठाविसावे. 88 गुण आणि 102 गोल. रेआल माद्रिद 84 गुणांवर थांबला. एम्बापेने 31 गोल करून व्यक्तिगत मान मिळवला, पण चषक दुसरीकडे गेला.

तळाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. बार्सिलोनाला त्यांच्या घरात हरवणारे लास पाल्मास आणि लेगानेस हे दोन्ही संघ खालच्या श्रेणीत गेले. लेगानेसने तर शेवटच्या दिवशी आपला सामना 3-0 ने जिंकला, 40 गुण मिळवले आणि तरीही दोन गुणांनी बुडाला. एका रात्रीचा पराक्रम कितीही मोठा असला, तरी उरलेले सदतीस दिवस त्याच्याबरोबर मोजले जातात. पहिला रोजा उत्साहात सगळेच धरतात. मधल्या दहा दिवसांत, जेव्हा नवलाई संपलेली असते आणि ईद अजून दूर असते, तेव्हा माणूस कळतो.

पुन्हा त्या 17 मार्चकडे. पहाटेचे साडेतीन. माद्रिदमध्ये खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते. सह्याद्रीतल्या गडांवरून निघालेल्या मशाली आपापल्या गावांच्या वाटेला लागल्या होत्या. मध्ये कुठे उतारावर दम लागला की एक जण मशाल दुसऱ्याच्या हाती देतो आणि बाजूने चालू लागतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मावळातल्या काही घरांत पुढे सहेरीच्या वेळी दिवे लागत होते, चुलीवर किंवा गॅसवर चहा चढत होता, रात्रीच्या भाकऱ्या गरम होत होत्या. रात्रभर जागलेली पोरे डोळे चोळत ताटावर बसत होती आणि आया विचारत होत्या, “जिंकले का रे तुमचे?”

“जिंकले. चार-दोन.”

“बरं. आता पाणी पी. पंधराच मिनिटं राहिली.”